ब्राइटनचा भारतीय कवी

आत्याचे पैसे गेले नाहीत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. दुपारची जेवणं उरकून, ओटा पुसून ती जरा आडवी होणार, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. पलीकडे खाकी वर्दी, मागच्या भिंतीवर कसलंसं बोधचिन्ह, आवाजात जरब. तुमच्या आधार कार्डावर कुणीतरी पार्सल पाठवलंय, त्यात नको त्या वस्तू सापडल्यात, तुम्हाला डिजिटल अटक झालीय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. हे सगळं आपण इतक्यांदा वाचलंय की आता कंटाळा येतो. आत्यानंही वाचलं होतं, दोघीतिघींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंही होतं. तरी ती बराच वेळ खुर्चीत खिळून राहिली, ती थेट मुलगा घरी येऊन त्यानं फोन हिसकावून घेईपर्यंत. संध्याकाळी मी गेले तेव्हा ती घाबरलेली नव्हती, चिडलेली होती. "अगं, शंका येत होत्या मला," ती म्हणाली. "नाव विचारलं की विषय बदलायचा. मराठी बोलता बोलता हिंदीत घुसायचा. पण मध्येच मागून कुणीतरी विचारलं, 'साहेब, चहा इथंच ठेवू का?' आणि हा खेकसला, 'दिसत नाही का बोलतोय ते? ठेव तिकडं!' मग मला वाटलं, हे ऑफिसच आहे."

तो चहा माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना.

कारण ते वाक्य कुणीतरी सुचवलेलं असणार. कुठल्यातरी कोंदट खोलीत ही टोळी बसली असेल आणि त्यातला एकजण म्हणाला असेल, नुसत्या वर्दीनं भागणार नाही, वर्दी तर नाटकाच्या कपडेपटातही भाड्यानं मिळते. धमकी देणारं सगळं खोटं वाटू शकतं. ज्याचा धमकीशी काडीचा संबंध नाही असं काहीतरी हवं. मग चहा आला. तोही नुसता आला नाही, चुकीच्या वेळी आला, साहेबांना त्याचा राग आला. मी थोड्याफार कथा लिहिते. पात्राच्या बोलण्यात गरज नसलेली एखादी गोष्ट यावी म्हणून मी आठवडा आठवडा अडून बसलेली आहे. त्यामुळे त्या हरामखोरांचा संताप येत असताना मनाच्या एका कोपऱ्यातून दादही निघाली, आणि ती निघाली म्हणून स्वतःचीच लाज वाटली. आत्यासमोर अर्थात मी फक्त संतापाचा भाग बोलून दाखवला.

हेरांच्या गोष्टी वाचायचा मला जुना नाद आहे. पिस्तुलं, गाड्यांचा पाठलाग, गच्चीवरून उड्या यांत मन रमत नाही. मला आवडतात कागदी हेर, टेबलाशी बसून थापा मारणारे. त्यांच्यातला माझा सगळ्यांत लाडका म्हणजे हुआन पुजोल. बार्सिलोनाचा, १९१२ सालचा जन्म. कोंबड्या पाळण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला आणि पुढे माद्रिदमध्ये एक सुमार हॉटेल सांभाळणारा. स्पेनच्या यादवी युद्धात तो दोन्ही बाजूंच्या सैन्यांत होता आणि दोन्हीकडे आपण एकही गोळी झाडली नाही याचा त्याला अभिमान होता. हिटलरचा मात्र मनापासून तिटकारा. १९४१ मध्ये तो माद्रिदच्या ब्रिटिश वकिलातीत गेला, तुमच्यासाठी हेरगिरी करतो म्हणाला. त्यांनी वाटेला लावलं. मग पठ्ठ्या जर्मनांकडे गेला, आपण कट्टर नाझीभक्त असून कामानिमित्त लंडनला जाणार आहोत असं सांगितलं. जर्मनांनी अदृश्य शाई दिली, पैसे दिले आणि त्याला इंग्लंडच्या वाटेला लावलं.

तो गेला लिस्बनला. इंग्लंड त्यानं पाहिलेलं नव्हतं, इंग्रजी धड येत नव्हतं. हाताशी होतं एक प्रवाशांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक, रेल्वेचं वेळापत्रक, वाचनालयातली मासिकं आणि सिनेमागृहात दाखवली जाणारी वार्तापत्रं. एवढ्या भांडवलावर त्यानं 'लंडनहून' खबरा धाडायला सुरुवात केली. पत्रावर लिस्बनचा शिक्का कसा, तर विमान कंपनीतला एक माणूस पत्रं गुपचूप तिकडून आणून इथं टाकतो. तो माणूसही याच्याच डोक्यातला.

इथं त्याचा चहा एकदा चुकला. ग्लासगोबद्दल लिहिताना त्यानं कळवलं की इथली माणसं एक लिटर वाइनसाठी वाट्टेल ते करतील. ग्लासगोच्या गोदीतला कामगार, आणि वाइन! तीही लिटरवर मोजलेली! बियर म्हणा, व्हिस्की म्हणा. बार्सिलोनाच्या माणसानं स्वतःच्या गावची तहान स्कॉटलंडला नेऊन ठेवली होती. गंमत अशी की माद्रिदमध्ये बसलेल्या जर्मन अधिकाऱ्यांना यात काहीच खटकलं नाही, तेही ग्लासगोला गेलेले नव्हते. खर्चाचा हिशोब देतानाही अशीच पंचाईत. बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड हे ब्रिटिश गणित त्याला उलगडेना. मग तो एकेक खर्च मांडायचा आणि बेरीज मागाहून पाठवतो म्हणायचा. या प्रसंगावर माझा फार जीव आहे. अडाणीपणा लपवायला त्यानं थाप मारली नाही, गबाळेपणा पुढे केला. परदेशात एकट्यानं धावपळ करणाऱ्या हेराला बेरीज करायला वेळ नसणं किती साहजिक!

दरम्यान ब्रिटिश चक्रावले होते. जर्मनांचे सांकेतिक संदेश ते फोडून वाचत होते आणि त्यांत त्यांना आपल्याच देशात वावरणारा एक हेर दिसत होता, जो काही केल्या सापडत नव्हता. त्यानं लिव्हरपूलहून माल्ट्याकडे निघालेला एक जहाजांचा ताफा कळवला. असा ताफा कुठे नव्हताच. जर्मनांनी मात्र तो गाठायची जय्यत तयारी केली. तेव्हा लंडनला या माणसाची किंमत कळली आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये तो इंग्लंडात, खऱ्याखुऱ्या इंग्लंडात, दाखल झाला. सांकेतिक नाव मिळालं गार्बो. जोडीला टोमास हॅरिस हा अधिकारी. चित्रांचा व्यापारी, स्वतः चित्रं काढणारा, आई स्पॅनिश, त्यामुळे दोघांची भाषा एक. हे दोघं मिळून जे करत होते त्याला मी तरी सहलेखनच म्हणेन. अदृश्य शाईतली ३१५ पत्रं, प्रत्येक सरासरी २,००० शब्दांचं, म्हणजे साधारण या लेखाएवढं. भाषा मुद्दाम फुगवलेली, पाल्हाळिक, ध्येयवादानं ओथंबलेली. एवढं वाचता वाचताच माद्रिदच्या कचेरीची दमछाक व्हावी आणि इंग्लंडात आणखी हेर पाठवायची त्यांना गरजच वाटू नये, हाही हेतू होताच.

आणि पात्रं! शेवटी शेवटी त्याच्या हाताखाली २७ जण होते, सत्ताविसांतला एकही जन्माला न आलेला. ग्लासगोत राहणारा व्हेनेझुएलाचा विद्यार्थी, जिब्राल्टरचा वेटर, वेल्समधला एक माजी खलाशी. कौटिल्यानं गूढपुरुषांचे, म्हणजे हेरांचे, प्रकार सांगितलेत, कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस, म्हणजे विद्यार्थी, संन्यासी, शेतकरी, व्यापारी, तपस्वी यांच्या सोंगातले, पुढे भिक्षुकीपर्यंत. ती यादी वाचताना एखाद्या फिरत्या नाटकमंडळीतली पात्रं वाचतोय असं वाटतं. पण कौटिल्य नुसती सोंगं सांगून थांबत नाही, आलेली खबर पारखायची कशी तेही सांगतो: 'त्रयाणामेकवाक्ये सम्प्रत्ययः'. तिघांचं म्हणणं एक पडलं तर विश्वास ठेवावा. शिवाय त्यांना एकमेकांचा पत्ता नसावा. दोन हजार वर्षांपूर्वीचा नियम, आजही कुठलाही पोलीस पाटील वापरेल इतका व्यवहारी. माद्रिदचे जर्मनही नकळत तोच पाळत होते. ग्लासगोचा विद्यार्थी, जिब्राल्टरचा वेटर आणि वेल्सचा खलाशी यांचं जुळतंय म्हटल्यावर शंका कशी घ्यायची? ते तिघं एकाच डोक्यात राहतात ही शक्यता कौटिल्यानं धरली नव्हती. आणि हा लबाड त्यांचं पुरतं जुळूही देत नसे. एखादा मंद, एखादा बढाईखोर, एखाद्याची खबर चुकीची निघे आणि त्याबद्दल त्याला खरमरीत बोलणी बसत.

या सत्ताविसांत एक भारतीय आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. वेल्समधल्या त्या खलाशाच्या ओळखीतून आर्य बंधुत्वाच्या वेडानं झपाटलेला, ब्रिटिशांवर खार खाऊन असलेला एक गट उगवतो. त्यात हा एक. टोपणनाव रॅग्ज, मुक्काम ब्राइटन, व्यवसाय कवी. त्याची एक इंग्रज प्रेयसीसुद्धा आहे, टेरेसा जार्डिन, जी नौदलाच्या महिला दलात शिरते आणि मग तिची नेमणूक सिलोनला होते. म्हणजे एका कल्पित कवीच्या कल्पित प्रेमप्रकरणातून जर्मनांना, आणि त्यांच्यामार्फत जपान्यांना, आशियातल्या खोट्या खबरा पुरवायची वाट तयार.

मी या माणसावर बरेच दिवस विचार करत होते. भारतीय पात्र हवं तर कवी का? वैद्यकीचा विद्यार्थी चालला असता, खानसामा चालला असता, बंदरातला खलाशी तर हमखास चालला असता. मला वाटतं, दोघा लेखकांनी वाचक ओळखला होता. सुभाषबाबू १९४१ पासून बर्लिनमध्ये होते. ब्रिटिशांच्या द्वेषापायी आपल्याशी हातमिळवणी करणारा भारतीय जर्मनांनी डोळ्यांनी पाहिलेला होता, त्यामुळे रॅग्जचं निम्मं काम आधीच झालेलं. उरलेलं निम्मं कवी या एका शब्दात. कवी म्हटलं की तो समुद्रकिनाऱ्यावर विनाकारण का भटकतो, त्याचं पोट कशावर चालतं, तो एवढा भडक का बोलतो, असले प्रश्न कुणी विचारत नाही. सैन्याच्या हालचाली न्याहाळायला यापेक्षा सोयीचा धंदा कुठला? तिकडे खराखुरा भारतीयही याच खेळात होता हे आणखी विशेष. सुभाषबाबूंना काबूलपर्यंत सोबत करणारा भगतराम तलवार पुढे इटालियन, जर्मन, रशियन, ब्रिटिश आणि जपानी अशा पाचजणांसाठी काम करत होता. दिल्लीत बसून ब्रिटिश त्याच्यामार्फत बर्लिनला बनावट खबरा पुरवत. त्याचं आयुष्य रॅग्जपेक्षा कितीतरी अचाट. पण मला झोपताना आठवतो तो रॅग्ज. ब्राइटनच्या त्या दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर कॉलर वर करून उभा असलेला, वारा खाणारा, बहुधा मुक्तछंदवाला.

आपल्याकडे हेर म्हटलं की बहिर्जी नाईक. सभासद बखरीत सुरतेच्या प्रसंगात बहिर्जी जासुदाचं नाव येतं. त्यापलीकडे लेखी पुरावा थोडा आणि कथा उदंड. वासुदेव झाला, फकीर झाला, गोंधळी झाला. लहानपणी मला वाटायचं की एवढ्या मोठ्या माणसाबद्दल कागद इतके कमी ही केवढी दैना. आता वाटतं, तो त्याच्या कामाचा दाखलाच आहे. गार्बोचं नेमकं उलटं. त्याचं जाळं कागदाबाहेर कुठे अस्तित्वातच नव्हतं.

कागदावरच्या माणसालाही मात्र मरण चुकत नाही. लिव्हरपूलला गर्बर्स नावाचा एक हस्तक नेमलेला होता. १९४२ च्या शरद ऋतूत उत्तर आफ्रिकेवरच्या स्वारीसाठी जहाजं जमू लागली. ती त्याला दिसली नाहीत असं कसं म्हणणार आणि दिसली तर कळवायला हवं. म्हणून आधी तो आजारी पडला आणि मग वारला. स्थानिक वर्तमानपत्रात निधनवार्ता छापून आणली, कात्रण माद्रिदला गेलं. जर्मनांनी हळहळून त्याच्या विधवेला निर्वाहवेतन सुरू केलं. पुढे ती विधवाही कामाला लागली, कारण पात्र उभं राहिलं की ते वाया का घालवा?

नॉर्मंडीची, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोस्तांनी केलेल्या स्वारीची, कथा आपल्याला ठाऊकच आहे, त्यामुळे तीत फार रेंगाळत नाही. एकच प्रसंग सांगते. ६ जून १९४४ च्या पहाटे ३ वाजता, आता उपयोग होणार नाही इतक्या उशिरा, गार्बोनं स्वारीची खरी खबर बिनतारी यंत्रावरून द्यायची असं ठरलं होतं. पत वाढवण्यासाठी. सगळे घड्याळाकडे बघत जमले, आणि माद्रिदला यंत्रावर कुणीच नव्हतं. उत्तर आलं सकाळी ८ च्या सुमारास. दुसरा कुणी हिरमुसला असता. यानं त्या झोपेचंच भांडवल केलं. तुमच्या हलगर्जीपणापायी एवढी मोलाची खबर वाया गेली, केवळ ध्येयासाठी टिकून आहे, नाहीतर हे काम सोडलंच असतं, असा खरपूस संदेश धाडला. जर्मन ओशाळले. ओशाळलेल्या वाचकाला तीन दिवसांनी, ९ जूनला, त्यानं सांगितलं की नॉर्मंडी ही हुलकावणी आहे, मुख्य हल्ला फ्रान्सच्याच किनाऱ्यावरच्या कॅले बंदराच्या बाजूला होणार. अमेरिकन सेनापती पॅटनच्या हाताखालचं जे प्रचंड सैन्य इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर उभं असल्याचं भासवलं होतं, ते अजून जागचं हललेलं नाही याकडे त्यानं बोट दाखवलं. कॅलेच्या बाजूची जर्मन फौज कित्येक आठवडे तिथंच ताटकळत राहिली. हे एकट्याचं कर्तृत्व नव्हे. बनावट होड्या होत्या, खोटे बिनतारी संदेश होते, इतर दुहेरी हेर होते. आणि सगळ्यांत मोठी चैन म्हणजे जर्मनांचे आपसातले संदेश लंडनला वाचता येत होते. कुठलं वाक्य पटलं, कुठलं नाही, हे लेखकाला वाचकाच्या मनात डोकावून कळत होतं. असं भाग्य कुठल्या कथाकाराला लाभतं? मला तर दिवाळी अंकातली गोष्ट कुणी शेवटपर्यंत वाचली की नाही हेसुद्धा कळत नाही. २९ जुलैला जर्मनांनी त्याला आयर्न क्रॉस हे पदक दिलं आणि वर्ष सरायच्या आत ब्रिटिशांनी एमबीई हा किताब.

इथवर मी ही गोष्ट नेहमी हसत सांगत असे. चहाच्या प्रकारानंतर मी तिचा एक तुकडा पुन्हा वाचायला काढला, जो एरवी भरभर उलटायचे. अरासेली, त्याची बायको. लंडनच्या हेंडन भागातल्या घरात लहान मुलांसोबत कोंडलेली. भाषा येत नाही, स्पॅनिश माणसांत मिसळायला बंदी, नवरा दिवसभर कचेरीत सत्तावीस माणसं हाकायला गेलेला. तिला आईला भेटायचं होतं. तिच्या तक्रारी फाइलीत नोंदल्या आहेत, त्यांत जेवणाचीही आहे: मॅकरोनी फार, बटाटे फार, मासळी पुरेशी नाही. १९४३ च्या जूनमध्ये ती म्हणाली, मला स्पेनला जाऊ द्या, नाहीतर स्पॅनिश वकिलातीत जाऊन सगळं सांगते. धमकी खरी असती तर हजारो जिवांशी गाठ होती, हे मान्य. तेव्हा तिला गप्प करायला एक बनाव रचला गेला. तुझ्या धमकीपायी नवऱ्याला अटक झाली, असं तिला कळवलं. डोळ्यांवर पट्टी बांधून तिला कॅम्प ०२० या हेरांच्या तुरुंगात नेलं, तिथं तो कैद्याच्या कपड्यात समोर आला. ती मोडली. पुन्हा असं वागणार नाही म्हणून तिनं लिहून दिलं.

ही कल्पना हॅरिसची नव्हती. नवऱ्याची होती.

कैद्याचे कपडे त्यालाच सुचले असतील का, हा प्रश्न मला छळतो. म्हणजे सुचले असणारच, त्याला असलं सगळं सुचायचं. युद्धात जर्मन अधिकाऱ्याला फसवणारी बुद्धी संध्याकाळी कचेरीत कुलूपबंद करून घरी यायची सोय नसते. आत्याला चहा ऐकवणारा तो कोणीतरी आणि हा पदकवाला नायक यांना एका तागडीत तोलणं अन्याय आहे, मला कळतं. एकानं हिटलरला फसवलं, दुसऱ्यानं पेन्शनवर जगणाऱ्या बाईला घेरलं. पण त्या तुरुंगातल्या खोलीत, पट्टी सोडल्यावर, अरासेलीनं जे पाहिलं ते बेतणारा हात कुठला, एवढं विचारल्यावर माझ्याकडून फरक सांगताना अडखळायला होतं. हेतू वेगळा होता असं म्हणावं तर तिच्या बाजूनं हेतू दिसत नव्हता, कपडे दिसत होते.

आणि ही बाई काही त्याच्या कथेतली परकी नव्हे. ब्रिटिशांनी पुनःपुन्हा झिडकारल्यावर लिस्बनमध्ये अमेरिकन वकिलातीतल्या नौदल अधिकाऱ्याला गाठून आपल्या नवऱ्याची बाजू मांडणारी तीच. ती गेली नसती तर ग्लासगोची वाइन, ब्राइटनचा कवी, सगळं लिस्बनच्या एखाद्या खणात पडून राहिलं असतं. युद्धानंतर दोघं वेगळे झाले. ती मुलांना घेऊन स्पेनला परतली, तो व्हेनेझुएलाला गेला, म्हणजे त्यानं ग्लासगोत बसवलेल्या त्या विद्यार्थ्याच्या देशात, आणि तिथं त्यानं पुस्तकांचं दुकान टाकलं, दुसरा संसार मांडला. त्याआधी, १९४९ मध्ये, अंगोलात मलेरियानं आपण वारल्याची बातमी त्यानं पसरवून दिली. १९८४ मध्ये एका ब्रिटिश लेखकानं त्याला शोधून काढेपर्यंत जग तीच खरी मानत होतं. मग नॉर्मंडीचा चाळिसावा स्मृतिदिन, बकिंगहॅम राजवाडा, वर्तमानपत्रांतले फोटो. स्पेनमधल्या मुलांना पस्तीस वर्षांनी बाप जिवंत असल्याचं कळलं.

लिव्हरपूलच्या गर्बर्सबाईला, जी नव्हतीच, शत्रूनं पेन्शन देऊ केलं होतं. माद्रिदच्या अरासेलीला, जी होती, नवरा मेल्याची नुसती बातमी मिळाली, तीही त्याच कारखान्यातली.